वाक्य एकाच फाइलीत राहील या अटीवर

नाही हो वकीलसाहेब, कुणी माझा हात धरून लिहवून घेत नाहीये. डोकं ठिकाणावर आहे. पोटातली गाठच काय ती माझं ऐकत नाही. डॉक्टर म्हणाले, आवराआवर करा. म्हणून हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र.

वरची खोली, बँकेतलं सगळं आणि शिलाई मशीन लेकीला. बांगड्या ती घालायची नाही. मोडून नवा कॉम्प्युटर घ्यावा.

खालचा कारखाना निम्मा माझ्या नावावर आहे. तिथे माझे धाकटे दीर बॉयलरचे कंट्रोल बॉक्स बनवतात. भावजी हुशार, फक्त जेवलेलं ताट उचलायचं अजून शिकायचे आहेत. त्यांच्याच बॉक्सवर गल्लीतल्या लॉन्ड्रीचा बॉयलर चालतो, आणि तो आमचे हे सांभाळायचे. बॉक्सला पुढे-मागे अक्षरं उमटणारे दोन पडदे, दोन्हींच्या प्रोग्रामच्या फाइली वेगळ्या. पडद्यावर येईल तसं हे करायचे. जुन्या बॉयलरला वाक्य होतं, 'दिवा विझला, दार उघडा.' नव्यात दिवा विझल्यावरही वाफ कोंडलेली राहते. भावजींनी पुढच्या पडद्याच्या फाइलीत वाक्य बदललं. मागच्या पडद्याच्या फाइलीत तेच पुन्हा लिहिलेलं होतं, ते राहून गेलं. ह्यांनी मागचा पडदा वाचला आणि दार उघडलं. मला चेहरा बघू दिला नाही कुणी.

लेक सी ही कॉम्प्युटरची भाषा शिकली, तेव्हा तिने समजावलं. सगळी वाक्यं एकाच फाइलीत लिहायची, कॉन्स्ट लावून, म्हणजे चालत्या प्रोग्रामला ती बदलता येत नाहीत. हेडर नावाच्या फाइलीत एक्स्टर्न, म्हणजे 'खरं वाक्य दुसरीकडे आहे', असं लावून नुसती नावं द्यायची, आणि बाकीच्या फाइलींनी ते हेडर घ्यायचं. मी म्हटलं, म्हणजे घराची किल्ली एकच, खुंटीवर. बाकीच्यांना खुंटी माहीत असली की झालं. ती म्हणाली, "हो आई. बाबांच्या वेळी प्रत्येकाच्या खिशात वेगळी किल्ली होती."

भावजींना सांगितलं तर म्हणाले, "वहिनी, ते वाक्य दुरुस्त केलंय ना? मग बाकीचं कशाला उकरता?" बाकीची वाक्यं अजून दोन्हीकडे आहेत. ह्यांच्या जागी आता शेजारच्या शिंपिणीची सून उभी असते.

म्हणून माझा हिस्सा लेकीला. भावजींनी तिथे खुशाल काम करावं, पण सगळी वाक्यं एका फाइलीत आल्याशिवाय एकही बॉक्स बाहेर जाणार नाही. कुरकुर केली, तर ज्या आरामखुर्चीवर त्यांचा डोळा आहे, ती न्हाव्याला.

साक्षीदार: शेजारची शिंपीण (सही), कोपऱ्यावरचा न्हावी (सही, खुर्चीचं त्याला वाचून दाखवलेलं नाही)
ठिकाण: माझं स्वयंपाकघर
तारीख: वकीलसाहेबांनी घालावी
माझी सही: वाकडी आहे, पण माझीच.

सह्या झाल्या, आता सांगते. लॉन्ड्रीचा बॉयलर कालपासून तापत नाही, भावजी कारण शोधतायत. बॉक्सच्या वायरी मी कापल्यात.