खालच्या आळीचा बांध

थेरगाव, १२ मे १९५७
ओढा दरवर्षी खालच्या आळीत शिरतो. यंदा शिरणार नाही. मी मातीचा बांध घालतोय. सरकारची वाट बघणाऱ्यांनी बघावी. पिंपरीच्या कारखान्याचं अख्खं स्टोअर मी सांभाळतो, ओढा तो काय! प्लॅन तयार. उद्यापासून श्रमदान. सगळी आळी येते म्हणाली.

१३ मे
मी आणि सौ. आलो. सरपंच दौलतराव नारळ फोडून गेले. त्यांच्या कमरेत उसण भरलीय.

२ जून
बांध छातीइतका झाला. सौ. म्हणते, माती चोपली नाही, पाय रुततो. नव्या मातीत पाय रुतणारच. पावसानं आपोआप बसेल.

९ जून
अंबूबाईंचं घर ओढ्याला अगदी लागून. पाऊस वाढला की त्या म्हैस आणि धान्य वर देवळात हलवतात. त्यांना सांगून आलो, यंदा काही हलवायचं नाही, जबाबदारी माझी. त्यांनी मान डोलावली. लोकांचा असा विश्वास असला की माणसाला हुरूप येतो.

१ जुलै
खेकड्यांनी बांधाला भोकं पाडली. प्लॅनमध्ये खेकडे नव्हते. गोणपाट कोंबलं. आता काळजी नाही.

१६ जुलै, सकाळ
पाऊस थांबत नाही. ड्यूटीवर गेलो नाही. दोन रात्री गोधडी घेऊन बांधावरच आहे. पाणी बांधाच्या माथ्याला टेकलंय. बांध उभा आहे. उभाच राहणार.

दुपार
छत्रीखाली लिहितोय. भोकांतून गढूळ पाणी येतंय. गोधडी कोंबली, वाहून गेली. कोट कोंबला, तोही गेला. हाका मारतोय, कुणी येत नाही. खाली जाऊन सांगावं तर बांध सोडावा लागतो. आणि सांगू काय? अंबूबाईंना मीच हलू दिलं नाही. देवा, आजचा दिवस धरून ठेव. उद्या सगळी माती चोपतो.

१७ जुलै, देवळात
काल बांध मधोमध बसला. मी ओरडत आळीत धावलो. अंबूबाईंचं दार ढकललं. घर रिकामं. म्हैस नाही, धान्य नाही. शेजारचं घर तसंच, त्यापुढचंही. पाणी गुडघ्याला लागलं तसा देवळाकडे पळालो.

सगळी आळी तिथे होती. खांबाला बांधलेली म्हैस रवंथ करत होती. सौ. भाकऱ्या थापत होती. परवाच सगळे वर आले म्हणे. मला का नाही सांगितलं, विचारलं. अंबूबाई म्हणाल्या, “तुमी येवढं राबत व्हता. तोंडावर न्हाई कसं म्हनायचं?”

म्हणजे माझ्या शब्दावर एकही माणूस थांबलं नव्हतं. म्हणून सगळे वाचले.

मी थंडीनं कुडकुडत होतो. सौ.नं कोरडं धोतर पुढे केलं. तेही तिनं परवाच आणून ठेवलं होतं.