सहा वर्षांची चिठ्ठी

बाबा, आज दुपारी आमच्या नव्या कार्यालयात चिठ्ठ्या टाकल्या आणि मला सहा वर्षं मिळाली. रत्नागिरीत सरकारी वकिलांचं हे वेगळं कार्यालय नुकतंच उभं राहतंय. पहिले नेमलेले आम्ही तिघं. तिघांची मुदत एकाच दिवशी संपली तर सगळे खटले एकदम नवख्यांच्या हाती जातील, म्हणून पहिल्या खेपेला एकाला दोन, एकाला चार आणि एकाला सहा वर्षं द्यावीत, हे बैठकीत मीच सुचवलं. साहेबांनी कौतुक केलं. ही अक्कल कुठून आली ते मात्र मी सांगितलं नाही.

ती आपल्या स्वयंपाकघरातली. तुम्ही वाडीतल्या बुद्धविहाराच्या कमिटीचे चिटणीस होतात. मे महिन्यात वाडीतले मुंबईकर सुट्टीला आले, भांडण झालं आणि एका बैठकीत अख्खी कमिटी बदलली. स्मशानाच्या वाटेचा दावा कोर्टात होता. तुम्ही कागदांचं गाठोडं नव्यांपुढे ठेवलंत आणि घरी आलात. पुढची तारीख त्यांनी विचारली नाही, तुम्ही सांगितली नाही. तारखेला कोणीच हजर नाही, दावा फेटाळला गेला. त्या पावसाळ्यात वाडीतली तिरडी लांबच्या वळशाने चिखलातून गेली. तुम्ही ताटावर बसलात आणि तसेच उठलात. आईला म्हणालात, "मला ठाऊक होती तारीख."

पुढे पुन्हा कमिटीत घेतलं तेव्हा तुम्ही नियम केलात, दर वर्षी कमिटीतले थोडेच जातील, बाकीचे राहतील. कोण जाणार त्याच्या चिठ्ठ्या चहाच्या डब्यात. एकदा मी चिठ्ठ्या लिहिते आहे, घड्या घालते आहे, आणि उचलायलाही हात घालते तर तुम्ही मनगट धरता. "लिहिणाऱ्यानं उचलायची नाय. डोळे मिटले तरी बोटांना कळतं." मला तेव्हा तुमचा भयंकर राग आला होता.

आज सगळे म्हणाले, तुमचीच कल्पना, तुम्हीच लिहा. मी लिहिल्या. मग म्हणाले, वयाने मोठ्या, पहिली तुम्ही उचला. मी उचलली. सकाळीच नाटे गावची एक म्हातारी येऊन गेली होती. तिच्या लेकीला सासरी जाळलं, तो खटला माझ्याकडे आहे आणि दोन वर्षांत काही तो संपत नाही. माझा हात धरून विचारत होती, "बाय, तू शेवटपर्यंत हायस ना?" मी हो म्हणून बसले. दोन वर्षांची चिठ्ठी आली ती आमच्यातल्या सर्वांत धाकटीला. नेमणुकीसाठी तिने चिपळूणचं बिऱ्हाड मोडलं, मुलीची शाळा बदलली. एवढंच म्हणाली, "नियम आहे, मॅडम."  तेव्हापासून फोन वाजला की दचकते.

माझ्यावाचून तो खटला कोणी नीट चालवणार नाही, असं मला खरंच वाटतं. आणि कोणावाचून काही अडू नये, म्हणून तर हा नियम मी मागितला. तुम्ही मानापायी गप्प बसलात, मी कशापायी बसले आहे ते मला धड सांगता येत नाही. उद्या सकाळी अकराला मुदतींची यादी सहीला जाते. त्याआधी साहेबांच्या दारापर्यंत माझे पाय जातील का, ठाऊक नाही. हा कागद कोणाला जायचा नाही, म्हणून इथेच लिहिते. सहाच्या चिठ्ठीची घडी जरा जाड झाली होती, बाबा. माझ्या बोटांना कळली.