शाळेत उचललेला हात

बाबा, काल तुमच्या नातीच्या शाळेत गेले होते. परवा वर्गात बाईंनी तिच्या तोंडावर लाकडी पट्टी मारली. ओठ फाटला. घरी आली तेव्हा गणवेशाच्या कॉलरवर रक्त सुकलं होतं. ती अडखळत बोलते, उत्तर द्यायला तिला वेळ लागतो, एवढाच तिचा गुन्हा. बाईंना वाटलं, मुद्दाम करतेय. तो ओठ बघून माझ्या मनात काय आलं सांगू? त्या बाईंचे केस धरावेत आणि डोकं टेबलावर आपटावं. हे तुमच्याकडूनच आलंय माझ्यात, दुसरीकडून कुठून येणार!

तुम्ही माझ्या शाळेत एकदाच आलात. तेव्हा आपण गोडदेवला राहायचो, मी सातवीत. भांड्यांच्या कारखान्यातून तसेच उठून आलेले, पॉलिशने हात कोपरापर्यंत काळे. वर्गातल्या एका मुलीची कंपासपेटी गेली होती आणि संशय माझ्यावर. बाई सांगतायत, तुम्ही मान खाली घालून ऐकताय, आणि मला वाटतंय, आता बाबा मला विचारतील. विचारलं नाहीत. पहिल्याच थपडेत माझं डोकं कपाटावर आदळलं. मग वेणीला धरून फरफटत फळ्यापर्यंत नेलंत, पाठीत लाथ घातलीत, कमरेचा पट्टा काढलात. सगळा वर्ग बघत होता. नाकातलं रक्त फरशीवर पडत होतं आणि मी ते बोटाने पुसत होते, कारण फरशी घाण केली म्हणून आणखी मार पडेल असं वाटत होतं. शेवटी बाईच किंचाळल्या, "अहो, पुरे! मरेल ती!" तेव्हा कुठे थांबलात, आणि धापा टाकत त्यांच्यापुढे हात जोडलेत. "बाई, तुमच्या शब्दाबाहेर आम्ही नाय. अजून मारायचं तर तुम्ही मारा." पेटी नंतर त्या मुलीच्याच घरी सापडली. तुम्ही त्यावर एक अक्षर बोलला नाहीत.

आपल्या चाळीत सगळ्यांची हीच रीत होती. शाळेत बोलावलं की शिक्षकांच्या देखत पोराला बडवायचं, म्हणजे त्यांना कळतं की घर त्यांच्या बाजूचं आहे, आणि मग ते पोराकडे लक्ष देतात. तुम्ही माझ्या भल्यासाठीच मारलंत, हे मला समजतं. समजतं म्हणून राग गेला, असं मात्र नाही.

काल मुख्याध्यापिकांनी मला तेच सुचवलं. त्या बाई शेजारी उभ्या, लेक माझ्याजवळ. "मॅडम, घरी थोडा धाक ठेवा ना. बाकीचे पेरेंट्स तर इथेच दोन लगावतात. लगेच फरक पडतो." लेकीने हे ऐकलं मात्र, माझ्याकडे बघून दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. घरी मारते मी तिला, बाबा. फार नाही, पण मारते.

माझा हात उठलाच होता. कुणावर, ते मलाही ठाऊक नाही. तो टेबलावर आपटला. वरची काच फुटली, तळहात चिरला. मुख्याध्यापिका खुर्चीसकट मागे सरकल्या. मी म्हणाले, "आधी तिला विचारा काय झालं. आणि तिचं बोलून होईपर्यंत कुणी मध्ये तोंड घालायचं नाही."

लेक बोलायला लागली. "उ... उत्तर येत होतं मला. न... न..." मुख्याध्यापिका तिचं वाक्य पुरं करायला गेल्या, मी रक्ताळलेला हात त्यांच्यापुढे धरला. "न... निघत नव्हतं. तरी म... मारलं." एवढंच बोलायला तिला किती वेळ लागला! आम्ही सगळे ऐकत होतो. मग मी मागितलं आणि त्यांनी कबूल केलं: तिच्यावर कुणी हात उचलणार नाही, तोंडी परीक्षा वेगळ्या खोलीत, हवा तेवढा वेळ देऊन. बाईंनी माफी मागितली नाही. मीही काचेची मागितली नाही.

रिक्षात बसल्यावर लेकीने विचारलं, "आई, आता घ... घरी पण नाही ना मारणार?" नाही म्हणाले. तिचा विश्वास बसलेला दिसला नाही.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि तुम्ही असतात तरी तुम्हाला वाचता आलं नसतं. मलाच समोर बसून वाचून दाखवावं लागलं असतं. खरं सांगते बाबा, तेवढी हिंमत मला आजही झाली नसती.