मोठ्यानं बोला, अध्यक्ष

आबा, काल शिरूरच्या नगरपालिकेची सभा मी आत बसून ऐकली. तुमचा विश्वास बसणार नाही. आता माहितीच्या अधिकाराचा कायदा आलाय. दार सताड उघडं, मागं नागरिकांसाठी खुर्च्या, आणि शिपाई चक्क "या, बसा" म्हणाला. तुमच्या वेळी तोच शिपाई दाराला पाठ लावून "मीटिंग चालू हाय" एवढंच म्हणायचा, जणू आत यज्ञ चाललाय आणि आम्ही विघ्न आणणारे राक्षस.

तुम्ही नगरसेवक होतात ती नव्वदच्या दशकातली वर्षं मला आठवतात ती तुमच्या बहिरेपणामुळं. सभागृहाची एकच खिडकी मंडईवर उघडायची, आणि तिच्याशेजारची खुर्ची तुम्ही कधी सोडली नाहीत. वाऱ्यासाठी, असं सांगायचात. अध्यक्ष विषय पुटपुटत, बाकीचे "मंजूर, मंजूर" म्हणत, आणि तुमची डरकाळी थेट बाजारात: "मोठ्यानं बोला, अध्यक्ष! कान गेलेत माझे." गावात तुमची नक्कल व्हायची. मी दौंडला शाळेत संस्कृत शिकवायला लागले, तेव्हा हौसेनं पुण्याहून कानाचं यंत्र आणलं. "तुझ्या आईचं बोलणं आता दोनदा ऐकू येतं," म्हणालात आणि कपाटात ठेवून दिलंत. सभेला कधीच नेलं नाहीत. स्वयंपाकघरात लाडवाच्या डब्याचं झाकण उघडलं की मात्र ओसरीवरून हाक यायची, "दोन आण गं." एवढं व्याकरण शिकलेल्या मला हा साधा अन्वय लागला नाही.

मग तुम्ही आजारी पडलात. दवाखान्यात शेवटी शेवटी तुम्ही डोळे मिटून पडलेले असायचात. एकदा मी हळूच म्हणाले, "आबा, मला तुमचा फार आधार वाटतो." आपल्या घरात असलं कुणी बोलत नाही, आणि ओरडून तर बोलताच येत नाही. तुम्ही हललाही नाहीत. इतकी वर्षं तेच सलत होतं, की पोचलंच नाही.

काल सभेआधी मंडईत मेथी घेताना विकणाऱ्या मावशींना सहज म्हणाले, "आता आत माइक आलाय. आबा असते तर बहिऱ्या माणसाची सोय झाली असती." त्या जुडी खाली ठेवून हसायलाच लागल्या.

"बहिरं? आबा? आवं बाई, तुमास्नी बी खरं वाटलं व्हय! मंडई उठवून हितं दुकानं बांधायचा डाव व्हता. आबा सारखं 'काय? काय?' करत्यात म्हनून अध्यक्षच चिडून वरडला, 'मंडई हलवायची हाय!' आमी खिडकीखालीच बसलेलो. समद्या बाया पाट्या घेऊन दारात गेलो, आन् त्यो इषय तितंच बारगळला. मागनं मी खिडकीपाशी हळूच म्हनलं, 'आबा, ऐकलं बरं का आमी,' तर त्यांनी आतनं व्हटावर बोट ठिवलं."

मी मेथी धरून तिथंच उभी राहिले. म्हणजे दवाखान्यातलंही तुम्हाला ऐकू आलं होतं. केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! थोडा रागही आला, पण तो मेथीच्या जुडीएवढाच.

हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा ते त्या यंत्राच्या डबीत राहील. एक सांगायचं राहिलं. काल माइक असूनही नवे अध्यक्ष एक विषय पटकन गिळू लागले, तशी मी मागून उठले आणि म्हणाले, "मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही."

आबा, मला अगदी स्पष्ट ऐकू आलं होतं.