पहिल्या फुंकेला ओळख

लालबी आपा,

तुझ्या मुनव्वरचा सलाम. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय.

शिफाने बापाला रेडिओ दिला, फुकटात. पण त्यापायी माझी रविवार दुपारची झोप गेली. त्या वेळी जॅझ लागतं, एक जुनी रेकॉर्ड, मग एक नवी. वाद्यं आपल्या बँडचीच, फक्त पुढं नवरदेवाचा घोडा नाही!

बँड विकणार का, विचारलं होतंस. लोकांना डीजे पाहिजे. निम्मी लग्नसराई बसूनच गेली. गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. तू काळजी करू नको. गुडघ्याला तेल लावतेस ना?

परवा नव्या रेकॉर्डच्या वेळी क्लॅरिनेट लागलं. अंगावर काटा आला! शिफाला म्हटलं, "हा अमेरिकेचा गोरा हाय. असला दम आपल्याकडं न्हाय."

"नक्की, अब्बा?"

"नक्की म्हंजे! वाजवणारा पहिल्या फुंकेला ओळखतो मी. कान हायत की मला!"

पोरगी ओढणीत तोंड खुपसून हसली. मग रेडिओवाल्या बाईंनी नाव सांगितलं.

बँड विकत नाही, आपा. तुझ्या तहरीमच्या वरातीत घोडा अडला, तेव्हा मी क्लॅरिनेटवर मनाला येईल ते वाजवत होतो. शिफाने तेच फोनवर टिपून गुपचूप रेडिओवाल्यांना पाठवलं होतं.

तुझा धाकटा,
मुनव्वर