दवाखान्याच्या फोनवर

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज वसुलीवाल्याचा फोन थेट दवाखान्यात, माझ्या काउंटरवर आला. माझ्यासाठी! डोळे दाखवायला आलेल्या पेशंटनी बाकडी भरलेली, आणि हा ओरडतोय – 'रंजिता से बात कराओ, स्कूटी की दो किश्त दबाकर बैठी है.' मी म्हटलं, मीच बोलतेय. तर आवाज अजून चढला. सगळ्यांना ऐकू गेलं. त्यात फोपनारची वंदनाकाकू बसलेली, माझ्या माहेरची. डोळ्यांत ड्रॉप टाकलेले म्हणून मिटून बसली होती, पण कान तर उघडेच ना.

हप्ते राहिलेत, खरं आहे. नवऱ्याचं, प्रशांतचं लूम दोन महिने बंद होतं, घर माझ्या पगारावर चाललं. यात लपवण्यासारखं काय? तरी कान तापले ते संध्याकाळपर्यंत तापलेलेच.

५ नोव्हेंबर

पुन्हा. दोनदा. नाव मोहित सांगतो, इंदूरहून बोलतो. 'आपके डॉक्टर को बता दूँगा, फिर नौकरी देखना.'

डबा खाताना धुरपदाबाईला सांगितलं. ती आमच्याकडे झाडझूड करते, पण दवाखान्यात सगळ्यांत जुनी तीच. भाकरी मोडता मोडता म्हणाली, "मंग तूच सांगून दे ना साहेबले. त्या फोनवाल्याजवळ काय राहीन मंग सांगाले?"

मला हे सुचलं कसं नाही?

६ नोव्हेंबर

सांगून टाकलं. शेवटचा पेशंट गेल्यावर केबिनमध्ये गेले. वाटलं होतं डॉक्टरसाहेब चिडतील, दवाखान्याचं नाव खराब होतं म्हणून. त्यांनी चष्मा काढला, पुसत बसले. "किती वेळा करतात? काय काय बोलतात? तू काय सांगतेस?" विचारतच राहिले. मग म्हणाले, "घाबरू नकोस. कर्ज घेतलंय, चोरी नाही केली."

एवढा मोठा माणूस, माझ्या स्कूटीबद्दल किती वेळ बोलत होता. घरी येताना हलकं वाटत होतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आला फोन. मी वाटच बघत होते.

'डॉक्टर साहब को बता दूँ क्या?'

'मैंने बता दिया. अंदर बैठे हैं, बात कराऊँ?'

'नहीं, रहने दो.' पहिल्यांदा आवाज उतरला!

मग मी आवाज न चढवता सांगितलं. पैसे देणार आहे – एक हप्ता या महिन्यात, एक पुढच्या. बोलायचं असेल तर माझ्या मोबाइलवर, सुट्टी झाल्यावर. हा फोन पेशंटसाठी आहे. 'यहाँ दोबारा किया तो कंपनी में शिकायत जाएगी.'

फोन ठेवला तर धुरपदाबाई पोछा हातात धरून तशीच उभी. दुपारी तिच्या डब्यातला ठेचा आपणहून माझ्या पोळीवर ठेवला.

८ नोव्हेंबर

प्रशांत म्हणतो, स्कूटी विकून टाकू. मी म्हटलं, मग लालबागच्या दवाखान्यात तू सोडशील का रोज? हसला. विषय संपला.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज कंपनीतल्या एका बाईनं फोन केला, पुन्हा दवाखान्याच्याच नंबरवर. मी तिचं नाव विचारून घेतलं. जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या साइटवरून तक्रारीचा ईमेल काढला आणि सगळं लिहून पाठवलं. कोण, कधी, काय शब्द.

डॉक्टरसाहेबांना कळलं तर म्हणाले, "मलाही दाखव." मोबाइल हातात घेऊन दोनदा वाचलं. "चांगलं लिहितेस तू." दहावीनंतर असं कोणी म्हटलं नव्हतं.

१४ नोव्हेंबर

कंपनीचं उत्तर आलं. माफी मागितली आहे. कामाच्या जागी फोन करणार नाहीत.

संध्याकाळी मोहितचा मोबाइलवर फोन. 'मैडम, आप कब तक कर पाएँगी?' मैडम! लगेच एक हप्ता भरला.

१९ नोव्हेंबर

वंदनाकाकू तपासणीला आली. मी मान खाली घालून चिठ्ठी करत होते. ती काउंटरवर वाकली आणि हळूच म्हणाली, "माझ्या मोनालीच्या सासरी बी असेच फोन येतात वं. पोरगी रडते. तू त्याले काय बोलली ते मले सांग."

मोनालीला तिथूनच फोन लावला. सगळं समजावून सांगितलं. मी, जिचे कान तापले होते!

२ डिसेंबर, मंगळवार

सकाळी काउंटरवर फोन. मोहितचा आवाज. मी सरसावून बसले.

'आपका नहीं है मैडम, आपका तो ठीक चल रहा है. डॉक्टर साहब हैं? उनकी लेज़र मशीन का लोन भी हमारे यहाँ है, पाँच महीने से कुछ नहीं आया.'

केबिनच्या काचेतून साहेब माझ्याकडेच बघत होते. हळूच मान हलवली. नाही म्हण.

'साहब बाहर गए हैं,' मी म्हटलं.

नोव्हेंबरचा पगार एक तारखेला व्हायचा, अजून झालेला नाही. निघताना विचारणार होते. नाही विचारलं.