काळी चारची शिष्यवृत्ती

मी, रुद्रप्पा निंगप्पा कोरे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा तंबोरे करणे व दुरुस्त करणे, राहणार सोलापूर, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, आणि ज्याला तोही पुरेसा वाटणार नाही त्याने दुकानात येऊन मी नुकताच लावलेला तंबोरा ऐकावा. अक्षर हलले आहे हे मान्य. पण ते वयाने हललेले नाही. परवा विद्यापीठाचे पत्र आले, तेव्हापासून मी धड जेवलेलो नाही की झोपलेलो नाही. मला मूलबाळ नाही, तरी मुलीचे लग्न ठरलेल्या बापासारखा घरात येरझारा घालतो आहे.

एम. ए. ला संगीत घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मी देऊ केलेली शिष्यवृत्ती विद्यापीठाने अटींसह स्वीकारली, असे त्या पत्रात आहे. 'अटींसह' हा शब्द मी शेजारच्या गुरुलिंगकडून तीन वेळा वाचून घेतला. चौथ्या वेळी तो म्हणाला, "अण्णा, आता कागद फाटंल की." मग मी त्याला पेढे आणायला पाठवले.

कलम १. यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे केली होती, दोन्ही रागाच्या भरात. पहिल्यात माझा पुतण्या शिवपुत्र याला सगळे दिले होते, दुसऱ्यात काहीच दिले नव्हते. ती दोन्ही रद्द समजावीत. आता राग उरलेला नाही. थोडा आहे तो कलम ३ मध्ये येईल.

कलम २. माझे राहते घर व पुढचे दुकान शिवपुत्रला द्यावे. परसातले बेलाचे झाड माझी बायको कै. शिवबाई हिने लावलेले आहे. मोटारसायकल ठेवायला जागा पाहिजे म्हणून ते तोडू नये. मोटारसायकल उन्हात उभी राहू शकते.

कलम ३. भीमेकाठचे माझे चार एकर रान. गेली चाळीस वर्षे या रानात कडू भोपळा होतो. गुरे त्याला तोंड लावीत नाहीत, पण तो वाळला की तंबोऱ्याचे पोट त्याचेच होते, आणि मिरजेचे कारागीरसुद्धा आमच्या भोपळ्यासाठी आगाऊ निरोप धाडतात. भोपळा वेलावर असतानाच त्याच्या बुडाखाली गवताचे आसन द्यावे लागते. नाहीतर तो एका अंगाला वाढतो आणि तंबोरा जन्मभर कलंडत राहतो. हे काम शिवपुत्रला उत्तम येते. येऊनही तो करीत नाही, ही माझी तक्रार आहे.

गेल्या दिवाळीला तो म्हणाला, "काका, शेजारचे समदे श्रीपूरच्या कारखान्याला ऊस घालाय लागले. आपन कडू भोपळं राखत बसलोय. लोक हसत्यात की."

मी म्हणालो, "हसणाऱ्यांना हितं पाठव. मी बघतो."

तरी हे रान त्यानेच करावे. निम्मे उत्पन्न त्याचे, निम्मे कलम ४ मधील शिष्यवृत्तीचे. ज्या वर्षी तिथे उसाची एक कांडी जरी लागली, त्या वर्षापासून सगळे रान विद्यापीठाचे.

कलम ४. शिष्यवृत्ती दर वर्षी दोघांना, दोन वर्षे, दरमहा दीडशे रुपये. शिवाय तारांचा खर्च वेगळा. अटी अशा :

निवडीच्या दिवशी परीक्षेच्या खोलीत मर्दानी आणि जनानी असे दोन्ही तंबोरे असावेत. प्रत्येक उमेदवाराला आपल्या पट्टीत तंबोरा लावून घ्यायला पाहिजे तेवढा वेळ द्यावा, आणि त्या वेळेत परीक्षकांनी घड्याळाकडे बघू नये. दुसरे, वयाची अट नसावी. ही अट ऐकून आमचे वकील कुंडलिकराव म्हणाले, "रुद्रप्पा, पंचविशीनंतर कोण शिकायला जातंय?" मी म्हणालो, "तुमी पन्नाशीत मोटार शिकलात की." त्यांनी ती अट कच्च्या मसुद्यात लिहून घेतली.

कलम ५. या अटी का, ते आता सांगतो. हे कायद्याने लिहिणे जरूर नाही असे कुंडलिकराव म्हणतात. मला जरूर आहे.

सन १९६२ च्या जूनमध्ये अशाच एका शिष्यवृत्तीच्या निवडीसाठी तंबोरे पुरवण्याचे आणि लावण्याचे काम माझ्याकडे होते. मी चार तंबोरे नेले. चारही मर्दानी, चारही काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला, लावलेले. कारण मी जात होतो तेवढी वर्षे तिथे पुरुषच गायला यायचे. यादी मागवावी, कोणाची पट्टी कुठली ते विचारावे, हे माझ्या डोक्यातही आले नाही. माझा तंबोरा लागला म्हणजे काम झाले, एवढी मला घमेंड होती.

त्या दिवशी अक्कलकोटकडची बावीस वर्षांची, बी. ए. झालेली एक मुलगी आली, चन्नम्मा मठपती. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "अण्णा, माझी पट्टी काळी चार हाय."

काळी चार बायकांची पट्टी. त्यासाठी तंबोरा लहान लागतो, तारा बारीक लागतात. मोठ्या तंबोऱ्याच्या तारा तेवढ्या वर ओढता येत नाहीत. हे मला कळत होते, तरी मी ओढल्या. पहिली तार तुटली. दुसरी तुटून तिच्या मनगटाला लागली. परीक्षक घड्याळ बघत म्हणाले, आहे त्या पट्टीत गा, तयार गळा कुठल्याही पट्टीत गातो. ती काळी एकला गायली. खाली आवाज पोचेना, म्हणून तिने वरचा षड्ज धरला, तर आवाज अंतऱ्यात फाटला. मग परीक्षकांनी मला विचारले, "तंबोऱ्यात काही दोष होता का?"

मी म्हणालो, "नाही साहेब. माझ्या तंबोऱ्यात दोष निघत नाही."

एवढेच म्हणायचे होते की साहेब, हा तंबोरा बाईमाणसाचा नव्हे, मला उद्यापर्यंत वेळ द्या. मी ते म्हणालो नाही. शिष्यवृत्ती दुसऱ्याला गेली. चन्नम्मा आज सोलापुरात एका शाळेत मुलींना प्रार्थना शिकवते. तिच्या शाळेवरून जाताना मी बारा वर्षे रस्ता ओलांडून पलीकडून गेलो. मला लाज वाटत होती.

कलम ६. त्या दोन तुटक्या तारा मी पाकिटात जपून ठेवल्या आहेत. त्या काचेत बसवून परीक्षेच्या खोलीत लावाव्यात. माझ्या कानसी, रंधे आणि लाखेचे भांडे विद्यापीठाच्या संगीत विभागाला द्यावे. गाणाऱ्याला आपला तंबोरा स्वतः लावता आला पाहिजे. दुसऱ्यावर भरवसा ठेवला की काय होते ते वर लिहिलेच आहे.

कलम ७. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवूनच पुरतात. त्यामुळे मी बैठकीला बसल्यासारखाच असेन. रडारड करू नये. कोणीतरी तंबोरा धरावा. बेसूर लागला तर मला कळेल.

येथे मृत्युपत्र संपले होते. पुढचे सह्या होता होता घडले, म्हणून पुरवणी.

साक्षीदार म्हणून गुरुलिंग होताच. दुसरी साक्षीदार म्हणून मी हट्टाने चन्नम्माला बोलावले होते. कारण सांगितले नव्हते. ती आली, बसली, आणि कुंडलिकरावांनी सगळे मोठ्याने वाचून दाखवले. कलम ५ ला मी जमिनीकडे बघत होतो.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, "अण्णा, बारा वर्षं मी समजत होते, माझाच गळा कच्चा."

मी हात जोडले. तिने ते खाली घेतले.

कुंडलिकरावांनी तिच्या हातात पेन दिले आणि रिवाजाप्रमाणे विचारले, "बाई, ज्याला या कागदाचा लाभ मिळायचा, त्यानं साक्ष घालू नये. तुम्हाला यातून काही मिळत नाही ना?"

तिने पेन धरले, पण टेकवले नाही. विचारले, "वयाची अट खरंच न्हाय?"

"नाही."

"चौतीस चालंल?"

"चालेल. तसंच लिहिलंय."

तिने पेनाला टोपण लावले आणि ते परत दिले. म्हणाली, "मग मी सही करत न्हाय. अर्जाला एक कागद द्या की."

मी उठलो तो स्टूलच पडले. कागद सापडेना, म्हणून भोपळ्यांच्या वहीचे पान फाडून दिले. तेवढ्यात कुंडलिकराव म्हणाले, "पण ही शिष्यवृत्ती रुद्रप्पांच्या पश्चात सुरू व्हायची." सगळे माझ्याकडे बघू लागले, जणू मी मरायला उशीर करतो आहे. म्हणून :

कलम ८. शिष्यवृत्ती माझ्या मरणाची वाट न बघता येत्या जूनपासून सुरू करावी. पोस्टातली माझी सगळी शिल्लक त्यासाठी मी उद्याच विद्यापीठाला पाठवीत आहे. निवड परीक्षकांनी करावी. मी शिफारस करणार नाही. पण निवडीच्या दिवशी तंबोरे मी नेणार, जनानी तंबोरा मी लावणार, आणि या वेळी कोणी काही विचारले तर पूर्ण उत्तर देणार. तोपर्यंत मरण्याचा माझा विचार नाही.

वरील सर्व मजकूर वाचून, समजून, खोडाखोडीसह मान्य करून सही करीत आहे.

रुद्रप्पा निंगप्पा कोरे

स्थळ : सोलापूर
दिनांक : ५ मे १९७४, रविवार

साक्षीदार :

१. गुरुलिंग शंकरप्पा हलसंगी, शेजारी. सही.

२. चन्नम्मा मठपती. नाव खोडले. कारण, उमेदवार आहे.

३. कुंडलिक रावजी माने, वकील. वरील जागी सही.